देवाने जाणलं. काय जाणलं?

प्रश्न : बाई, माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं मीच करते. दुपारी त्यांचा डोळा लागला की काहीबाही वाचते. सध्या शेजारणीने दिलेला बायबलातला जुना करार हातात आहे. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएल लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलामीत कण्हताहेत. देवाने ते कण्हणं ऐकलं, त्याला आपल्या कराराची आठवण झाली, त्याने पाहिलं आणि जाणलं, असं लिहिलंय. मला रागच आला. देव सर्वज्ञ ना? मग त्याला ऐकून, आठवून, बघून मग कळतं? तेही इतक्या वर्षांनी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, या वाक्यापाशी आलं की माझ्या वडिलांना हमखास खोकला यायचा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पुण्याच्या रास्ता पेठेतले. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात हगादा वाचतात; मिसरातून सुटल्याची ती कहाणी. आधी हिब्रू, मग पोरांना कळावं म्हणून मराठी. मराठी अर्थासकट हगादा १८७४ सालीच पुण्यात छापली गेली होती. तिच्यात साड्या नेसून, जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे. आमच्या घरची प्रत बरीच नंतरची, पानोपानी खजुराच्या रसाचे डाग पडलेली. तिच्यात एका जागी ‘त्याने आमचं दुःख पाहिलं’ असं येतं आणि लगेच खुलासा : हे दुःख म्हणजे नवरा-बायकोची ताटातूट. पुरावा म्हणून दिलंय तुमचंच वाक्य, ‘देवाने इस्राएलांना पाहिलं, आणि देवाने जाणलं.’ वडील खोकत खोकत तेवढी ओळ उरकायचे, आई खाली मान घालून हसायची. मला वाटायचं, चाबूक, विटा, नदीत टाकलेली तान्ही पोरं, एवढं सगळं असताना हे मध्येच कुठून आलं?

ते कळायला लग्न व्हावं लागलं, आणि थोडं हिब्रू शिकावं लागलं.

मूळ शब्द आहेत ‘वय्येदा एलोहीम’, देवाने जाणलं. काय जाणलं, ते लिहिलेलंच नाही. वाक्य तिथेच संपतं. क्रियापद सकर्मक आणि कर्माचा पत्ता नाही! तीस वर्षं मराठीचे पेपर तपासले. माझ्या हातात आलं असतं तर अर्धा गुण कापला असता. ही मोकळी जागा भल्याभल्यांना सोसलेली नाही. जुन्या ग्रीक भाषांतराने वाक्यच फिरवून ‘तो त्यांना कळून आला’ असं करून टाकलं. पुष्कळ नवी भाषांतरं ‘त्यांची अवस्था’ वगैरे शब्द पदरचे घालतात. हगादा सांगणाऱ्या जुन्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, मात्र त्या मोकळ्या जागेत दाराआडचं दुःख ऐकलं. विटा तर मुकादम मोजतच होते, पाठीवरचे वळ चारचौघांना दिसत होते. जे कोणाला दिसत नव्हतं, ज्याची तक्रार कोणापाशी करता येत नव्हती, ते त्याने जाणलं.

आता तुमचा मुद्दा, सर्वज्ञाला जाणावं का लागावं. एक अध्याय मागे जा. मिसरात नवा राजा, म्हणजे फारो, येतो, ‘त्याला योसेफ ठाऊक नव्हता.’ क्रियापद तेच. ज्या योसेफाने दुष्काळात अख्खं मिसर जगवलं, त्याचं नावही राजाच्या कानावर नसेल? असेल की. आपल्याकडे सरळ म्हणतात, त्याला जाण नव्हती. केल्याची जाण. माहिती असणं वेगळं आणि जाण असणं वेगळं, हे सहा वर्षं आजारपण काढणाऱ्या सुनेला मी काय सांगणार? रविवारी येऊन, जेवून, ‘तू आहेस म्हणून बाई’ असं म्हणून जाणाऱ्यांना माहिती सगळी असते. फारोला नव्हती ती जाण देवाला होती, एवढंच या दोन अध्यायांना जोडून म्हणायचंय, असं मी समजते.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. ते लोक देवाचा धावा करत होते असं तिथे म्हटलेलं नाही. ते कण्हले, ओरडले, आणि ते ओरडणं वर देवापर्यंत गेलं. पत्ता न लिहिलेलं पत्र पोचावं तसं.

‘इतक्या वर्षांनी?’ याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि ग्रंथानेही ते दिलेलं नाही. चारशे तीस वर्षं, असा आकडा बाराव्या अध्यायात सरळ लिहून ठेवलाय, कुठे रफू केलेलं नाही. उलट तुमच्यासारखे चिडलेले लोक त्या ग्रंथातच जागोजागी बसलेत. चव्वेचाळिसावं स्तोत्र देवाला विचारतं, ‘जागा हो, झोपलास का?’ एकशे एकविसावं म्हणतं, तो झोपत नाही की पेंगत नाही. दोन्ही एकाच पुस्तकात! अठ्ठ्याऐंशीवं तर अंधार या शब्दावरच संपतं. रागावला म्हणून तिथे कोणाला बाहेर काढलेलं नाही.

मला स्वतःला खटकतं ते पुढचं. जनाबाईच्या जात्याला विठोबा येऊन हात लावतो. इथे देव विटा थापायला येत नाही. जळत्या झुडपातून म्हणतो, मी त्यांचं दुःख पाहिलंय, त्यांच्या वेदना मला ठाऊक आहेत, आणि त्यापाठोपाठ, ‘तर आता तू जा.’ कोणाला, तर ऐंशी वर्षांच्या मेंढपाळाला. मोशे परोपरीने टाळतो, शेवटी ‘दुसऱ्या कोणाला तरी पाठव’ असंही म्हणतो. तरी जातो, आणि होतं काय? फारो विटांसाठी लागणारा पेंढाच बंद करतो, विटांचा आकडा मात्र तोच. मोशे परत येऊन देवाला तोंडावर सुनावतो, ‘या लोकांचं वाईट का केलंस? तू त्यांना मुळीच सोडवलं नाहीस.’

म्हणून विचारते. तुमच्या घरी कोण पाठवलं जायचं राहिलंय? नणंद, दीर, जो कोणी असेल त्याला फोन करा आणि वार ठरवून सांगा : दर गुरुवारी दुपारी दोन ते सहा. ‘जमेल तसं ये’ म्हणू नका, जमत नाही. पहिल्या गुरुवारी सासूबाई नाराज होतील, औषधाची वेळ चुकेल, तुम्हाला दहा फोन येतील. पेंढा बंद होण्याचाच प्रकार. तरी दुसरा गुरुवार सोडू नका.

सहाव्या अध्यायात मोशे सुटकेचा निरोप घेऊन लोकांकडे येतो आणि ते ऐकूनच घेत नाहीत. कारण दिलंय ‘कोत्सेर रुआख’, आखडलेला श्वास, आणि काबाडकष्ट. त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावलेला नाही. तेव्हा माझं हे सगळं आज डोक्यात शिरत नसेल तर मासिक मिटून ठेवा, आणि सासूबाई उठेपर्यंत तुम्हीही जरा आडव्या व्हा.