लहान पापलेट सर्रास विकलं जातं, जबाबदार कोण?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, त्यापुढे केंद्र. माशांची पिल्लं जिथं वाढतात ते कांदळवन (खारफुटीचं जंगल) तोडलं तर वनखात्याचा कांदळवन कक्ष, तो २०१२ पासून आहे. म्हणजे टोलवाटोलवीला भरपूर वाव!

पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलं. तरी परवा बाजारात मावशींच्या पाटीत तळहाताएवढंही नसलेलं पापलेट होतं. "मोठा येतोच कुठं, बाबा?" म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालून काय होणार, बारीक आसाची (छिद्रांची) जाळी तर आधीच समुद्रात गेलेली असतात.

तोंडी तक्रार हवेत विरते. माहिती अधिकारात विचारा: गेल्या वर्षी किती नौकांवर कारवाई, किती दंड ठोठावला, वसूल किती झाला? शेवटचा प्रश्न सोडू नका. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला ३० दिवस; नाहीच आलं तर प्रथम अपील.