घराभोवती भिंतीऐवजी बारमाही हिरव्या झाडांचं कुंपण लावण्याचे फायदे काय?

तुम्ही लिहिलंय की कोकणात गावी घर बांधून झालंय, चिऱ्याच्या गडग्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीचा, खर्च झेपत नाही, म्हणून झाडांचं कुंपण करावं का. दोन-तीन फूट जागा सोडता येत असेल तर जरूर करा.

आमचं घर दापोली तालुक्यात, रस्त्याला लागून. लहानपणी दरवर्षी पावसाळा सरला की वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, घातली जायची. मेढी ठोकायच्या, डोंगरातून करवंदीचे, तोरणीचे काटे तोडून आणायचे आणि आडव्या काठ्यांनी आवळायचे. वर्षभरात निम्मी वई वाळवी खायची, की पुन्हा डोंगरावर कोयता. मला जिवंत कुंपणाचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो: एका घराच्या वईपायी दरवर्षी डोंगर बोडका होत नाही.

१२ वर्षांपूर्वी आम्ही रस्त्याच्या बाजूला अडुळसा लावला आणि समुद्राकडच्या बाजूला कोयनेल नावाचं झुडूप. एप्रिल-मेमध्ये अडुळशाचं पान बोटाने पुसलं तर बोट लाल होतं. ही सगळी धूळ पूर्वी पडवीत आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. पानं गळणारं झाड लावलं तर ते नेमकं धुळीच्या दिवसांत उघडं पडतं, म्हणून झाड बारमाही हिरवंच हवं.

वाऱ्याचंही तसंच. भिंतीवर आपटलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन खाली येतो. झाडीतून मात्र तो जोर मोडून आत येतो. कुंपणाच्या उंचीच्या साधारण १० पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो, म्हणजे ६ फुटी कुंपणामागे जवळपास ६० फूट. आमच्या केळीची पानं आता पूर्वीसारखी चिंध्या होत नाहीत. शिवाय चिऱ्याची भिंत मे महिन्यात रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, झाडी तशी तापत नाही. गाड्यांचा आवाज मात्र एका ओळीने फारसा कमी होत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. रस्ता दिसेनासा होतो, त्यानेच बरं वाटतं.

झाड निवडताना घाई करू नका. अडुळशाला गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि थोडा भाग न कापता वाढू दिला तर पांढऱ्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात. कोयनेल खारा वारा सोसते, मुळात ती किनाऱ्यावरचीच. कुंती दिसायला आणि वासाला सुरेख, पण लिंबाजवळ लावू नका. आम्ही रोपवाटिकेतल्या माणसाच्या सांगण्यावरून लिंबाला खेटून १० रोपं लावली होती. लिंबावरची सिट्रस सायला ही बारीक कीड कुंतीवरही वाढते आणि लिंबाचा ग्रीनिंग रोग तीच पसरवते. लिंबाची पानं पिवळी पडून झाड वठत गेलं. रोग तोच होता का हे आम्ही तपासून घेतलं नाही, पण ती कुंती उपटली. घरात लहान मुलं असतील तर शेर आणि कण्हेर टाळाच: शेराचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी. डुरांटाची पिवळी फळंही मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत.

लावायचं कसं? जूनमध्ये पाऊस लागला की अडुळशाच्या, कोयनेलीच्या फांद्यांची छाटं सरळ जमिनीत टोचा. फूट-दीड फुटावर, दोन ओळींत, नागमोडी. आपल्या हद्दीच्या दोन फूट आत, म्हणजे शेजाऱ्याशी वाद नाही आणि दोन्ही बाजूंनी कापता येतं. रोप फूटभर झालं की शेंडा खुडायचाच. तेव्हा जीव होत नाही, पण उंच वाढू दिलं तर खालून फांद्या फुटत नाहीत आणि कुत्री-कोंबड्या आरामात आत येतात. कापताना बुंध्याकडे रुंद, वर निमुळतं ठेवा, तरच खालच्या पानांना ऊन मिळतं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल.

आणि कात्री चालवण्याआधी फांद्या हाताने बाजूला करून आत बघा. यंदा मार्चमध्ये आमच्या कोयनेलीत छातीच्या उंचीवर बुलबुलाचं वाटीएवढं घरटं होतं, आत तीन ठिपकेदार अंडी. तेवढा चार हातांचा भाग पिल्लं उडेपर्यंत तसाच ठेवला.