शनिवारी किल्ली घेऊन ये

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम. परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी फारसं बोललो नाही, कारण तू रागात होतास आणि रागात असलेल्या माणसाला वचन सांगितलं की ते त्याला दगडासारखं लागतं. म्हणून आता लिहितोय. तूपण सावकाश वाच, नाही पटलं तर दोन दिवसांनी परत वाच.

तू म्हणालास, काका, मला गर्व वगैरे काही नाहीये, मला फक्त वाईट वाटलं. वाईट वाटणारच रे. तीन वर्षं तू चर्चमध्ये वर्शिप लीड केलीस, उपासनेतली गाणी पुढे उभं राहून म्हटलीस, परीक्षा चालू असताना प्रॅक्टिसला आलास, लाइट गेली तेव्हा नुसत्या ढोलकीवर उपासना पार पाडलीस, आणि ईस्टरच्या रविवारी पास्टरांनी माईक त्या नव्या सतरा वर्षांच्या पोराच्या हातात दिला, तेही तुला आधी न सांगता. सांगायला हवं होतं. ते त्यांचं चुकलंच आणि मी त्यांना तसं तोंडावर बोललोय. पण त्यानंतर तू जे केलंस त्याबद्दल मला बोलायचंय. ग्रुपवर तेवढा लांबलचक मेसेज टाकून ग्रुप सोडलास, आणि अँप्लिफायरच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे चुकून राहिली की तू ठेवलीस ते तुझं तुला माहीत, पण पुढच्या रविवारी कपाट उघडलंच नाही आणि मागच्या चटईवर बसणाऱ्या आज्यांना संदेशातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. वाईट वाटलेला माणूस रडतो, भांडतो, देवाशीपण भांडतो, त्यात काही वावगं नाही. पण गर्व शिरला की आपल्यावाचून काहीतरी अडलेलं बघावंसं वाटतं. ती किल्ली तू स्वतःच नीट तपासून बघ, मी त्यावर निकाल देत नाही.

मी हे वरच्या पायरीवरून बोलत नाहीये. मी तेहतीस वर्षांचा असताना एका कन्व्हेन्शनमध्ये संदेश दिला होता, लोकांना फार आवडला, आणि नंतर पंगतीत एक आजी हळूच म्हणाल्या, बाळा, ती पिठाच्या मडक्याची गोष्ट अलीशा संदेष्ट्याची नाही, एलीया संदेष्ट्याची आहे. मी चारचौघांत त्यांना विचारलं, आजी, तुम्हाला वाचता तरी येतं का? त्यांना वाचता येत नव्हतंच, सगळं ऐकून ऐकून पाठ केलेलं. त्या काही बोलल्या नाहीत, ताटातलं संपवलं आणि उठल्या. रात्री मी बायबलमध्ये १ राजे, अध्याय १७ उघडून बघितला, आजी बरोबर होत्या. माफी मागायला मला अकरा महिने लागले, आणि मधल्या काळात मी दोन ठिकाणी लीनतेवर बोललो. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

आता योहानाच्या शुभवर्तमानातला ३ रा अध्याय काढ. आपल्याला ३:१६ तोंडपाठ असतं आणि आपण तिथंच थांबतो, पण पुढे २६ व्या वचनात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य त्याच्याकडे तक्रार घेऊन येतात, की गुरुजी, ज्याच्याविषयी तुम्ही साक्ष दिलीत तो येशूच आता बाप्तिस्मा करतोय आणि सगळे त्याच्याकडे चाललेत. तुझ्या मित्रांनी तुला फोन करून नेमकं हेच सांगितलं ना? योहान काय म्हणतो बघ. तो म्हणतो मी नवरा नाही, नवऱ्याचा मित्र आहे. आपल्याकडच्या लग्नात तो मित्र कसा असतो तुला माहितीये, मांडवाचं बघतो, नवरदेवाचे बूट सांभाळतो, फोटोत कुठंतरी कडेला असतो आणि तरी सगळ्यात जास्त खूश तोच दिसतो. योहान म्हणतो माझा आनंद पूर्ण झालाय. लोक आपल्याला सोडून चाललेत आणि हा म्हणतो आनंद पूर्ण झाला! हे त्याला कशामुळे जमलं असेल? मला वाटतं तो किती मोठा किंवा किती लहान याचा हिशोबच त्यानं सोडून दिला होता, त्याचं लक्ष फक्त नवरदेवाच्या आवाजाकडे होतं. मी काहीच नाही, मी नालायक, असं घोकत बसणं म्हणजे नम्रता नव्हे, त्यातपण मी मीच चालू असतं.

अजून एक माणूस सांगतो, म्हणजे बाईच. आपण तरुण संघाला घेऊन मुक्ती मिशनला, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, गेलो होतो आठवतं? दौंड तालुक्यातलं केडगाव, आपलं नगरचं नव्हे. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, त्या वेळी त्यांचं वय वीस. त्या काळात बाईमाणसाला संस्कृत शिकवलं म्हणून लोक नावं ठेवायचे आणि ह्या बाई पंडितांसमोर संस्कृतात बोलत होत्या. ह्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यात घातली, १९२२ मध्ये वारल्या तोवर त्याच कामात होत्या. आणि भाषा कुठली निवडली? साधी. खेड्यातल्या बायकापोरींना कळेल अशी, कारण तेव्हाचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेलं होतं. छपाईचे खिळे जुळवायला, छापायला आश्रमातल्याच मुली. जिला सगळ्यात भारी संस्कृत लिहिता आलं असतं तिनं ते बाजूला ठेवलं. विद्वत्ता फेकून दिली नाही हं, हिब्रू-ग्रीकला ती लागलीच, फक्त ती मिरवली नाही. मला हे फार मोठं वाटतं, मोठमोठ्या संदेशांपेक्षाही. तुझ्या गळ्याचंपण असंच आहे, गाणं सोड असं मी अजिबात म्हणत नाहीये.

आणि एक गोष्ट नीट ऐक, कारण ह्या विषयावर बोलणारे बरेच जण ती गाळतात. आपल्या बऱ्याच घरांतल्या पणजोबांना गावात मान खाली घालून चालावं लागायचं, चपला हातात घ्याव्या लागायच्या. ती नम्रता नव्हती, लादलेली लाचारी होती, आणि ख्रिस्ताकडे आल्यावर त्यांची मान वर झाली. त्यामुळे उद्या कुणी तुला नम्र हो म्हणून अन्याय गिळायला सांगितलं तर गिळू नकोस. प्रेषित पौलाला फिलिप्पै गावात चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी गुपचूप जा म्हणाले तेव्हा तो अडून बसला, आम्ही रोमन आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. प्रेषितांची कृत्ये १६. आणि पुढे त्याच गावच्या मंडळीला त्यानं लिहिलं की पोकळ डौलाने काही करू नका, लीनतेने दुसऱ्याला श्रेष्ठ माना. दोन्ही एकाच माणसाचं. म्हणून पास्टरांना तुला जे विचारायचंय ते जरूर विचार, समोर बसून विचार, फक्त ग्रुपवर नको.

योहान १३ मध्ये येशू उठून कमरेला रुमाल बांधतो त्याच्या आधीचं वचन आपण घाईत वाचतो. तिथं लिहिलंय की पित्यानं सर्वकाही आपल्या हाती दिलंय हे त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक असताना तो उठला आणि घंगाळात पाणी ओतलं. त्याला धरून देणाऱ्या यहूदाचे पायसुद्धा धुतले, कारण यहूदा अजून तिथंच होता, नंतर उठून गेला. मी हे दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री वाचतो आणि दरवर्षी यहूदापाशी अडकतो, माझ्याच्यानं झालं नसतं.

ईस्टरला तू पहिलं गाणं संपायच्या आत उठून गेलास, त्यामुळे तुला दिसलं नसेल, त्या पोराचा हात थरथरत होता. आवाज चांगला आहे त्याचा, पण जुन्या गीतांच्या चाली त्याला येत नाहीत, आज्यांची गाणी तर एकही नाही, आणि स्केल कुठली धरायची हे तो घाबरून कुणाला विचारतपण नाही. मंडळीत ते सगळं येणारा एकच जण आहे.

शनिवारी सहाला प्रॅक्टिस आहे. किल्ली घेऊन ये, मी साडेपाचलाच दारात थांबतो, आपण दोघं मिळून कपाट उघडू आणि वायरी काढू. मेसेजचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

तुझा काका