दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन एम-1 हेल्मेट विकत घेताना ते खरंच त्या काळातलं आहे हे कसं ओळखायचं?

आधी कडेची पट्टी बघा. पोलादी टोपाच्या काठाभोवती पातळ पट्टी असते, तिचा जोड कुठे येतो ते पाहा. जोड पुढे कपाळाकडे असेल तर हेल्मेट बहुधा 1941 ते 1944 मधलं. 1944 च्या अखेरीस जोड मागे नेला, त्यामुळे मागे जोड असलेलं हेल्मेट युद्धाच्या शेवटचं असेल किंवा नंतरचं. विक्रेते नेमकी हीच गोष्ट गुळमुळीत सांगतात.

मग हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या. सुरुवातीला त्या टोपाला पक्क्या वेल्ड केलेल्या असत आणि आदळआपट झाली की तुटत. म्हणून 1943 पासून हलणाऱ्या कड्या आल्या. पक्क्या कड्यांना भाव जास्त, त्यामुळे बनवाबनवीही तिथेच जास्त. वेल्डभोवती ताजा रंग दिसला तर सावध व्हा.

आत कपाळाच्या बाजूला ठोकलेला आकडा-अक्षराचा शिक्का असतो. त्याखाली इंग्रजी ‘एस’ असेल तर ते श्ल्यूटर कंपनीचं. बाकी बहुतेक मॅककॉर्डची.

युद्धानंतर युरोपातही याच धर्तीची हेल्मेटं बनली. ऑनलाइन ‘डी-डे’ची, म्हणजे जून 1944 च्या नॉर्मंडीवरच्या चढाईतली, म्हणून तीही खपवतात. आतलं लायनर, म्हणजे पोलादी टोपाच्या आत बसणारा हलका टोप, तर सहज बदलता येतं, त्यावरून काळ ठरवू नका. आणि रंग खरवडून बघायचा मोह आवरा, मूळ रंग गेला की किंमत उतरते.