अमेरिकेतली राज्यं केंद्राचा बंदूक-कायदा धुडकावू शकतात का?
धुडकावू शकत नाहीत, पण तो राबवायला मदत नाकारू शकतात. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचं काम स्थानिक पोलीसप्रमुखांवर टाकलं होतं. मोंटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ, म्हणजे असेच स्थानिक पोलीसप्रमुख, कोर्टात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की केंद्र राज्याच्या अधिकाऱ्यांना असं कामाला जुंपू शकत नाही.

मिसुरीने मात्र २०२१ मध्ये मर्यादा ओलांडली असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःचा कायदा करून बंदुकांबाबतचे काही केंद्रीय कायदे राज्यापुरते अवैधच ठरवले, वर ते राबवणाऱ्या पोलीस खात्याला ५०,००० डॉलर दंड! त्या धास्तीने पोलीस केंद्रीय यंत्रणांसोबत काम करायला कचरू लागले. २०२४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानेही मिसुरीचा हा कायदा घटनाबाह्य ठरवला.