जपानला जाऊन कोबेत जर्मन रेस्टॉरंट-बेकरीत जेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे का? शाकाहारी माणसाला तिथे काय मिळेल?

जा. बिनधास्त जा. तुमचा मित्र म्हणाला की "जपानला जाऊन जर्मन काय खायचं, ते डुप्लिकेटच असणार" आणि तुम्ही ते प्रश्नात तसंच लिहिलंय, म्हणून मी उत्तर लिहायला बसले, एरवी मी इथे नुसतं वाचून जाते. हे डुप्लिकेट प्रकरण मी आमच्या घरात इतकं ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

मी बरीच वर्षं कोबेत राहते आणि इथल्या एका लहानशा बेकरीत पार्टटाइम काम करते. मालक जपानी आहेत, तरुणपणी जर्मनीत जाऊन शिकून आलेले, आम्ही सगळे त्यांना तेंचो म्हणतो, म्हणजे दुकानाचे मुख्य. राय ब्रेड, म्हणजे राय नावाच्या गव्हासारख्या धान्याचा ब्रेड, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यामुळे खाणारा आणि करणारा अशा दोन्ही बाजूंनी बोलतेय.

पुण्याच्या लोकांना जर्मन बेकरी म्हटलं की कोरेगाव पार्क आठवतं, आणि 13 फेब्रुवारी 2010 चा तिथला बॉम्बस्फोट पण आठवतो. पण ती, गोव्यातल्या, मनालीतल्या, काठमांडूतल्या जर्मन बेकऱ्या हे सगळं प्रवासी गोऱ्या लोकांच्या मागून आलेलं. ते वाईट असं नाही, मी स्वतः तिथे आवडीने खाल्लंय. कोबेचं मात्र मूळच वेगळं आहे.

जर्मनांकडे चीनमधलं छिंगदाओ बंदर होतं. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर 1914 मध्ये, जपानने ते घेतलं आणि साडेचार हजारांहून जास्त जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसं कैदी म्हणून जपानात आणली. त्यांच्यात बेकर होते, मिठाई करणारे होते. हाइनरिश फ्रॉइंडलीब त्यातलाच एक. सुटल्यावर तो परत गेला नाही, नागोयात 1920 मध्ये शिकिशिमा नावाची ब्रेड कंपनी निघाली तिथे तो पहिला मुख्य बेकर झाला (पास्को नावाने जो ब्रेड तुम्हाला जपानच्या कुठल्याही सुपरमार्केटात दिसेल ती हीच कंपनी), आणि 1924 मध्ये त्याने कोबेत स्वतःची बेकरी काढली. दुसरा कार्ल युखहाइम. छिंगदाओत त्याचं दुकान होतं. कैदेत असतानाच मार्च 1919 मध्ये हिरोशिमात कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं, तिथे त्याने बाउमकुखन भाजला, तो रिंगणारिंगणांचा फिरत्या दांड्यावर भाजतात तो केक. ज्या इमारतीत ते प्रदर्शन होतं तिचाच सांगाडा आज अणुबॉम्ब डोम म्हणून उभा आहे. पुढे त्याने योकोहामात दुकान काढलं, ते 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात गेलं, मग बायकोमुलांना घेऊन तो कोबेत आला. त्याच भूकंपानंतर योकोहामाचे सिंधी रेशीम व्यापारीही कोबेत आले, म्हणजे आपल्याकडची माणसं आणि हा मिठाईवाला एकाच संकटातून एकाच गावात आले. 14 ऑगस्ट 1945 ला युखहाइम वारला, दुसऱ्या दिवशी जपानने शरणागती जाहीर केली. बायको एलिझेला जर्मनीला परत पाठवलं होतं, ती 1953 मध्ये पुन्हा कोबेत आली आणि शेवटपर्यंत इथेच कंपनी सांभाळत राहिली.

आता सांगा यात डुप्लिकेट काय आहे? शंभर वर्षं हाताखालच्या माणसाने हाताखालच्या माणसाला शिकवलेलं काम आहे हे. बॉम्बहल्ले, 1995 चा भूकंप, एवढं सगळं बघूनही कोबे आज जपानमध्ये ब्रेडवर सर्वात जास्त खर्च करणाऱ्या शहरांत असतं. इथले म्हातारे लोक सकाळी भात खात नाहीत, टोस्ट खातात. हा पदार्थ कोबेचा आहे, तुम्ही कोबेला येऊन कोबेचं खाताय.

आता माझ्या घरातलं. माझी नणंद लग्न झाल्यापासून स्टुटगार्टला असते. ताई हुशार आहे, जर्मन फाडफाड बोलते, मला तिच्याबद्दल आदर आहे, पण खाण्याच्या बाबतीत जर्मनी म्हणजे ती, असं तिचं ठाम मत. एका वसंतात ती आणि सासूबाई दोघी आमच्याकडे आल्या. मी आनंदाने सुट्टी काढली, म्हटलं ताईला आपल्या गावातलं जर्मन दाखवू. आधी कोबेतल्याच कितानो भागात नेलं, तिथे वाऱ्याचा कोंबडा बसवलेलं लाल विटांचं घर आहे, थोमास नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने 1909 मध्ये बांधलेलं. ते बघून झाल्यावर जेवायला एका जर्मन रेस्टॉरंटमध्ये. नाव सांगत नाही. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, ताई अंडं खाते पण मांस-मासे नाही. मी जपानीत नीट विचारलं, या कोबीत मांस आहे का, मुलगी म्हणाली नाही. आणि सावरक्राउट, म्हणजे तो आंबवलेला कोबी, आलं ते बेकनचे तुकडे घातलेलं. जपानमध्ये हे होतं, मांस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मोठा तुकडा येतो, बेकनची गणती त्यात करतच नाहीत. मी ते परत पाठवलं, मुलीने माफी मागितली, दुसरी डिश आणली, खरं म्हणजे विषय तिथे संपायला हवा होता.

पण ताई तिथेच सुरू झाली. हे जर्मन नाहीच, ब्रेड आंबट नाही, तिकडे असा नसतो, बाउमकुखन तिकडे कोण खातंय, ख्रिसमसला कुठे दिसला तर दिसला, आणि हे लोक तो लग्नात वाटतात. सगळं सासूबाईंसमोर, आणि संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, कोबेत जर्मन म्हणून काहीही खपवतात. पुण्यातल्या सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. मी रोज पहाटे उठून ज्या कामाला जाते त्याच्याबद्दल लिहिलं होतं ते. मला लागलं, अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी तेंचोंना सांगितलं. ते चिडले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं की नणंद जर्मनीत कुठे असते. स्टुटगार्ट म्हटल्यावर म्हणाले, मग तिला रायची सवय कमीच असेल. आणि ते खरंच आहे. राय हे उत्तरेचं आणि पूर्वेचं धान्य, तिथली थंडी आणि हलकी जमीन त्यालाच मानवते. स्टुटगार्टकडे, श्वाबेन भागात, गहू आणि डिंकेल नावाची गव्हाची जुनी जात जास्त चालते. तिथला माणूस आणि हॅम्बुर्गचा माणूस "आमचा ब्रेड" म्हणतात तेव्हा दोघांच्या ताटात वेगळंच असतं. जर्मनीतल्या नियमाने रोगनब्रोट म्हणायला पिठात निदान 90 टक्के राय लागतं, अर्ध्याहून जास्त असेल तर रोगनमिशब्रोट, त्याच्या खाली गेलं की नाव बदलतं. पुम्परनिकल नावाचा रायचाच ब्रेड निदान 16 तास भट्टीत राहतो. एवढे प्रकार असताना एकच ब्रेड खरा आणि बाकीचे खोटे, हे कुठल्या हिशेबाने?

करायला किती कठीण आहे तेही सांगते, कारण खाणाऱ्याला ते दिसत नाही. रायचं पीठ आपल्या ज्वारीसारखं, गव्हाची चिकट ताकद त्यात नाही, विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापल्यासारखं हाताशी भांडत बसतं. मळायचं नसतंच, फक्त मिसळायचं. आंबवण, म्हणजे आधीच आंबवून ठेवलेलं पीठ, घालावंच लागतं, चवीसाठी नाही, त्या आंबटपणाने पिठातली स्टार्च तोडणारी एन्झाइम्स आवरली जातात, नाहीतर आतून ब्रेड गिच्च राहतो. जूनमध्ये इथे पावसाळी दमट हवा सुरू झाली की आंबवण धावायला लागतं, मग पाणी गार घ्यायचं, वेळ कमी करायचा, रोज हात लावून बघायचं. भट्टी सुरुवातीला कडक, वाफ सोडायची, मग उतरवायची. आणि भाजून झाल्यावर त्या दिवशी कापायचाच नाही, दुसऱ्या दिवशी कापायचा. कोबेतले बेकर हे सगळं इथल्या हवेत वर्षानुवर्षं करतात, आणि कोणीतरी एका घासात सांगतं की जर्मन नाही.

सासूबाईंनी काय केलं ते मात्र मला आयुष्यभर पुरेल. घरी मी आमच्या बेकरीतला राय आणला होता, पातळ कापला, लोणी लावलं, वर इथला पांढरा मुळा चकत्या करून मीठ लावून. त्यांनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या, याच्याबरोबर लसणाची चटणी दे. दिली. मग रोज सकाळी तेच. ताई समोर बसून बघत होती, बोलली काही नाही.

तर तुम्ही काय करायचं. एक जागा चुकवू नका, फ्रॉइंडलीबचं सध्याचं दुकान. शिन-कोबे स्टेशनपासून चालत जाता येतं. ते जुन्या कोबे युनियन चर्चच्या इमारतीत आहे, 1929 ची इमारत, व्होरीज नावाच्या अमेरिकन माणसाने डिझाइन केलेली. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात तिचं नुकसान झालं, नंतर या लोकांनी ती घेऊन दुरुस्त केली आणि 1999 मध्ये दुकान तिथे आणलं. खाली बेकरी, वर चर्चच्या उंच छताखाली कॅफे. वरचं मुख्यतः सँडविचचं काम आहे, ताटभर जर्मन जेवण नाही, त्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. साधारण दीड-दोन हजार येन धरा. दुपारी गर्दी असते, सकाळी जा. सुट्टीचा वार आधी बघून घ्या.

शाकाहारी म्हणाल तर अंडं चालत असेल तर सोपं आहे. रेस्टॉरंटमध्ये केझेश्पेत्झले मिळालं तर घ्या, अंड्याच्या पिठाचे शेवयांसारखे तुकडे, वितळलेलं चीज आणि वर तळलेला कांदा, पोट भरतं. भाजलेले बटाटे बेकनशिवाय सांगा आणि "मांस नको" म्हणून थांबू नका, बेकन नको, हॅम नको, सॉसेज नको असं एकेक नाव घ्या. अंडं नसेल तर केक विसरा आणि साधा राय ब्रेड घ्या, त्यात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढंच असतं. मऊ ब्रेडमध्ये लोणी-दूध असतं, कधी लार्ड म्हणजे डुकराची चरबीही. पाकिटावर अंडं आणि दूध लिहिणं जपानमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, पण ते ॲलर्जीसाठी, डुकराची चरबी त्या सक्तीच्या यादीत नाही, तेव्हा घटकांची पूर्ण यादी फोनने भाषांतर करून वाचा. जैन असाल तर कितानोमध्ये 1985 पासून जैन मंदिर आहे आणि त्या भागात भारतीय जेवण मिळतं, जर्मनच्या नादाला लागू नका.

मी बेकरीत काम करते म्हणून माझा कल एका बाजूला आहे हे धरून चाला. आणि जपानमध्ये जर्मन नावाखाली नुसती बिअर आणि सॉसेज विकणाऱ्या जागाही पुष्कळ आहेत, तिथे शाकाहारी माणसाने जाऊन खरंच पैसे वाया जातील, तुमच्या मित्राचं तेवढ्यापुरतं बरोबर. कोबेत एकच दिवस असाल तर जेवण सोडा, फक्त बेकरीत जा. ब्रेड घेताना किती जाड कापू असं विचारतील, इकडे कान्साईत, म्हणजे कोबे-ओसाकाच्या भागात, लोकांना जाडजूड टोस्ट आवडतो, पण रायला पातळ सांगा, सेंटीमीटरच्या आत. मुंबईला न्यायचा असेल तर न कापता अख्खा घ्या, कागदात गुंडाळून आठवडाभर छान राहतो.

आणि ताई, हे तू वाचणार हे मला माहीत आहे, ग्रुपवर कोणीतरी टाकेलच. स्टुटगार्टला तू आम्हाला ज्या हॉटेलात नेलंस आणि खरं जर्मन म्हणून जो बटाट्याचा सॅलड खाऊ घातलास, तो श्वाबेनमध्ये परंपरेने मांसाच्या गरम रश्शात मुरवतात. तू तो इतकी वर्षं शाकाहारी म्हणून खातेस. पुढच्या वेळी तिथे वेटरला विचार, आणि तो काय सांगतो तेही त्याच ग्रुपवर टाक.