सिगारपेटीतला उग्र वास

प्रश्न: आमची निपाणीत बिडी तंबाखूची वखार आहे. जावयांनी परदेशातून सिगार आणल्या, म्हणून सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. आतून देवदाराच्या फळ्या आहेत, ओलाव्यासाठी स्पंज आहे. झाकण उघडताच वास नाकात घुसतो आणि सिगारलाही लाकडाचीच चव येते. आतून पॉलिश मारू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: पॉलिश अजिबात मारू नका. लाकडाच्या वासात पॉलिशचा वास मिसळेल आणि फळीचं ओलावा धरायचं-सोडायचं कामही थांबेल.

सिगार आजच बाहेर काढा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओलावा राखणारी पुडी घालून ठेवा. तंबाखू शेजारचा वास ओढून घेते, हे वखारवाल्याला मी काय सांगावं!

माझं आयुष्य शहापुरात रंधा मारण्यात गेलं, म्हणून स्पष्ट सांगतो: दोष देवदारात आहे. त्याचं तेल इतकं उग्र असतं की किडे लांब ठेवायला वापरतात. कपड्यांच्या पेटीला ते उत्तम, सिगारला नाही. सिगारपेटीत ‘स्पॅनिश सीडर’ लावतात. ते झाड कडुनिंब-महोगनीच्या कुळातलं, देवदार पाइनच्या. स्पॅनिश सीडरचा सख्खा भाऊ शोभावा असा आपला तूण सह्याद्रीत वाढतो आणि त्याच्या सिगारपेट्या पूर्वीपासून होत आल्या आहेत. खानापूर-बेळगावच्या सॉ मिलमध्ये चांगला वाळलेला तूण मिळतो का विचारा. पाच-सहा मिलिमीटरच्या फळ्या सरस न लावता नुसत्या घट्ट बसवून घ्या, म्हणजे पुढे कधीही काढता येतील. तुणालाही नवेपणी वास असतोच, पण तो मवाळ असतो आणि उतरतो.

तोवर देवदारच ठेवायचा असेल तर स्पंज काढा, झाकण उघडं टाकून पेटी काही आठवडे सावलीत, वाऱ्यावर ठेवा. उन्हात नको, फळ्या पिळतील. आत वाटीभर लोणारी कोळसा ठेवा. चिकट डिंक सुटला असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या. साबण, कापूर, अत्तर यांपैकी काही नको. वास कमी होईल, पण देवदाराचा पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही.

ओलावा जास्त झाला की लाकूड आणखी वास सोडतं. आत ६५ ते ७० टक्के पुरे. फार वर गेलात तर बुरशी धरेल. पाणी डिस्टिल्डच घाला. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्पंज कोरडाच असू द्या, एप्रिल-मेमध्ये मात्र लक्ष ठेवा. आर्द्रतामापक आधी तपासा: झाकणभर मीठ पाण्याने ओलसर करा (विरघळू देऊ नका), मापकासोबत हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा.

एवढं झालं की एकच सिगार पेटीत ठेवा. पंधरवड्याने ती ओढून तंबाखूची चव लागली, तर बाकीच्या हलवा.